तलावात कोण काय सोडतं

९ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जोडीने मारायच्या उड्यांची, म्हणजे दहा मीटर सिंक्रोनाइज्ड डायव्हिंगची अंतिम फेरी होती. मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातला उड्यांचा तलाव आदल्या दिवशी निळाशार होता. त्या दिवशी तो हिरवा झाला, आणि तोही चांगला ठसठशीत हिरवा. शेजारीच वॉटर पोलोचा तलाव होता. तो दिमाखात निळा राहिल्यामुळे जगभरच्या कॅमेऱ्यांना दोन्ही तलाव एकाच चौकटीत बसवण्याची आयती सोय झाली. चीनच्या चेन रुओलिन आणि लिऊ हुइशिया यांनी सुवर्णपदक जिंकलं, पण ते फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ब्रिटनच्या टॉम डेलीने आदल्याच दिवशी याच पाण्यात उड्या मारून कांस्यपदक मिळवलं होतं. त्याने फोटो टाकून हे झालं तरी काय, असं विचारलं आणि पदकं राहिली बाजूला, तो प्रश्नच गाजला.

मग खुलासे सुरू झाले. खुलासा या प्रकाराचा मराठी वाचकाला दांडगा अनुभव आहे. पहिला आला की शांतपणे दुसऱ्याची वाट बघायची. पहिला खुलासा असा, की ऊन फार आणि वारा नाही, म्हणून शेवाळ धरलं. दुसरा असा, की पाण्याची अल्कलिनिटी एकाएकी घसरली आणि इतके खेळाडू उतरले की काय होईल याचा अंदाज चुकला. ऑलिंपिकला खेळाडू येतील याचा अंदाज नसणं ही तशी समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. तिसरा खुलासा जागतिक जलतरण संघटनेने, म्हणजे फिनाने दिला. पाणी शुद्ध करायच्या टाक्यांमधली काही रसायनंच संपली होती, असं तिचं म्हणणं. हे चालू असताना शेजारचा तलावही हिरवा पडू लागला. आयोजकांचे प्रवक्ते मारिओ आंद्रादा यांनी मग रसायनशास्त्र हे काही काटेकोर शास्त्र नव्हे, असं पत्रकारांना सांगून टाकलं. बारावीला केमिस्ट्रीत गटांगळ्या खाल्लेल्या लाखो लोकांची बाजू इतक्या मोठ्या व्यासपीठावरून त्याआधी कोणी मांडली नव्हती.

शेवटी निघालं ते असं. ५ ऑगस्टला, उद्घाटनाच्या दिवशी, देखभालीच्या कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. हेतू शुद्ध होता. पेरॉक्साइडही जंतू मारतं आणि क्लोरीनही मारतो. मात्र दोघे एका पाण्यात भेटले की जंतूंना विसरून एकमेकांनाच संपवतात. दोघांच्या भांडणात लाभ झाला तिसऱ्याचा, आणि तिसरं होतं शेवाळ. चार दिवसांत त्याने ऑलिंपिकचा तलाव ताब्यात घेतला. सिंक्रोनाइज्ड स्विमिंगच्या मुलींना पाण्याखाली एकमेकींचे पाय दिसणं गरजेचं असतं, म्हणून त्यांच्या स्पर्धेआधी दुसऱ्या तलावातलं सुमारे ३७ लाख लिटर पाणी सोडून द्यावं लागलं आणि सरावाच्या तलावातलं पाणी रातोरात आणून तिथे भरलं गेलं. त्या रात्री रिओत कोणीतरी पंपाशेजारी खुर्ची टाकून बसला असणार आणि त्याला कोणी पदक दिलं नसणार.

पोहण्याच्या तलावाची सगळी गंमत या एका प्रसंगात आहे. नदी वाहते, विहिरीला झरे असतात, समुद्राला तर कोणाचीच पर्वा नसते. तलाव मात्र तेच ते पाणी फिल्टरमधून फिरवून पुन्हा पुन्हा वापरतो. त्यात नवीन येतं ते फक्त माणूस, आणि माणूस रिकाम्या हाताने येत नाही. घाम, तेल, थुंकी, पावडर, सनस्क्रीन, केस आणि ज्याचा उल्लेख सभ्य लोक टाळतात तेही तो बरोबर आणतो. तलावात रसायनं टाकायची ती या पाहुण्याची उस्तवार म्हणून.

क्लोरीन येण्याआधी ही उस्तवार करायला कोणी नव्हतं. इंग्लंडमधल्या कित्येक सार्वजनिक स्नानगृहांत तलाव आठवड्यातून एकदा भरायचे आणि एकदा रिकामा करायचे. पाणी ताजं असेल त्या दिवशी तिकीट महाग, आणि जसजसे दिवस जातील तसतसं स्वस्त. शेवटच्या दिवशी गरिबांनी आठवडाभराच्या श्रीमंतांमध्ये डुंबायचं. पाण्याचा रंग बघून दर ठरवण्याची ही पद्धत निदान प्रामाणिक होती. हल्लीच्या रिसॉर्टमध्ये सोमवारी आणि रविवारी पाणी वेगवेगळं असूनही दर उलटे असतात.

१९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडरीचं द्रावण सोडायला सुरुवात केली. त्यांनी त्यासाठी आधी कोणाला विचारलं नव्हतं. अर्थातच प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने साक्षीपुरावे ऐकून लील यांच्या बाजूने कौल दिला. दोनच वर्षांनी प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात हीच पावडर पोहण्याच्या तलावात टाकून पाहण्यात आली. तिथल्या जंतूंनी कोर्टात धाव घेतल्याची नोंद नाही.

आता हा सगळा इतिहास पुण्या-ठाण्याच्या गृहसंकुलात येऊन ठेपला आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तलाव क्लब हाउसच्या आधी छापलेला असतो, आणि त्यात कायम एक परदेशी बाई टोपी घालून पहुडलेली असते. प्रत्यक्षात तिथे मे महिन्यात साठ पोरं, त्यांचे चार काका आणि काठावर ‘पाय आपट, पाय आपट’ ओरडणारा एक प्रशिक्षक असतो. पंपहाउसच्या बाजूला एक अंधारी खोली असते. तिच्यात डोकावणाऱ्या माणसाचा हे वाण्याचं दुकान आहे असा गैरसमज होऊ शकतो, कारण तिथे खाण्याचा सोडा असतो, धुण्याचा सोडा असतो, तुरटी असते, मोरचूद असतं आणि ब्लीचिंग पावडरही असते. आजीने फळीवर ठेवलेल्या डब्यांतला निम्मा ऐवज इथे पोत्यांनी भरलेला असतो. खाण्याच्या सोड्याने पाण्याची अल्कलिनिटी सांभाळायची, धुण्याच्या सोड्याने पीएच वर न्यायचा, तुरटीने गढूळपणा खाली बसवायचा आणि मोरचुदाने शेवाळाला दम द्यायचा. द्राक्षबागायतदार हेच मोरचूद चुन्यात कालवून वेलींवर बोर्डो म्हणून फवारतो. सोनेरी केस रंगवून आलेल्या एखाद्या वहिनी तलावातून हिरवट छटा घेऊन निघाल्या तर ती करामतही पाण्यातल्या तांब्याचीच. आळ मात्र क्लोरीनवर येतो.

या खोलीचा मालक म्हणजे पूलवाला. तो रोज सकाळी पाण्याचा नमुना घेतो, थेंब टाकतो, रंग बघतो आणि ठरवतो. सोसायटीतल्या तीन इंजिनिअरांना आणि एका निवृत्त प्राध्यापकांना त्याने काय टाकलं हे कळत नाही, पण कमी-जास्त झालं हे नक्की कळतं. हिशोब म्हटला तर सोपा आहे. एक लाख लिटर पाण्यात शंभर ग्रॅम क्लोरीन गेला की झाला एक पीपीएम, आणि तलावात साधारण एक ते तीन पीपीएम मोकळा क्लोरीन हवा. खरी अडचण पीएचची असते. क्लोरीन पाण्यात गेला की त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि जंतूंवर तुटून पडण्याचं काम तेच करतं. पीएच ७.५ असताना साधारण निम्मा क्लोरीन या लढाऊ रूपात असतो. पीएच ८ वर गेला की जेमतेम पाव उरतो आणि बाकीचा हजेरीपटावर सही करून बसून राहतो. शिवाय ब्लीचिंग पावडर स्वतःच पीएच वर ढकलते. म्हणजे पावडर मारत जावं तसतशी पावडरीची ताकद कमी. मग पीएच खाली आणायला अ‍ॅसिड.

सगळ्यात मोठी गंमत वासाची. रविवारी संध्याकाळी तलावावर तो ओळखीचा उग्र वास येतो. डोळे चुरचुरतात. सेक्रेटरींकडे तक्रार जाते, ‘क्लोरीन फार झालाय, पोरांचे डोळे लाल झाले.’ सेक्रेटरी पूलवाल्याला बोलावून सगळ्यांसमोर झापतात आणि उद्यापासून निम्मा टाक म्हणून बजावतात. पूलवाला ‘हो साहेब’ म्हणतो. रात्री दहानंतर तलाव बंद झाला की तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त क्लोरीन पाण्यात घालतो. सकाळी वास गायब. तक्रार करणारे काका खोल श्वास घेऊन म्हणतात, ‘बघा, कमी केला की लगेच फरक पडतो.’

पूलवाला लबाड नाही, त्याचं रसायनशास्त्र पक्कं आहे. निव्वळ क्लोरीन दोन-तीन पीपीएमला फारसा वास मारत नाही. तो वास असतो क्लोरामाइन्सचा, आणि ती जन्माला येतात क्लोरीन आणि माणसाच्या घामातला-लघवीतला नायट्रोजन यांच्या संयोगातून. वास आला म्हणजे क्लोरीन होता तो खर्ची पडला. यावर इलाज एकच, आणखी क्लोरीन. त्या अडकलेल्या क्लोरीनच्या दहापट मात्रा एकदम दिली की क्लोरामाइन्स फुटतात. धंद्यात याला ‘शॉक देणं’ म्हणतात. तेव्हा तलावावर पाऊल ठेवताच ‘वा, काय स्वच्छ वास आहे’ असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात कालच्या गर्दीची दाद देत असतो. चुरचुरणाऱ्या डोळ्यांचा दोषही पाण्याकडे कमी आणि पाहुण्यांकडे जास्त जातो.

आता तो टाळलेला उल्लेख. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचा हिशोबच मांडला. लघवी मोजायची कशी हा प्रश्न त्यांनी फार चतुराईने सोडवला. एसिसल्फेम पोटॅशियम हा कृत्रिम गोडवा शुगर-फ्री पदार्थांत आणि पेयांत सर्रास असतो. तो शरीरात न पचता जसाच्या तसा बाहेर पडतो आणि क्लोरीनलाही दाद देत नाही. दोन शहरांतल्या ३१ तलावांचं आणि गरम टबांचं पाणी तपासलं आणि सगळीकडे गोडवा सापडला. ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात साधारण ७५ लिटर लघवी असावी, असा अंदाज निघाला. म्हणजे पाऊणशे लिटर, आणि तीसुद्धा रांगेत उभं राहून ‘सॉरी’ म्हणणाऱ्या कॅनडियन लोकांची. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर साखरेच्या चहामुळे बरेच जण सुटतील.

अशा प्रसंगी मोठ्या माणसांचा दाखला द्यायची पद्धत आहे. मायकेल फेल्प्सने २०१२ मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं होतं, की तलावात सगळेच करतात आणि क्लोरीन ते मारून टाकतो. तेवीस सुवर्णपदकांच्या धन्याला कोण अडवणार? पण क्लोरीन ते मारत नाही, त्याच्याशी संसार थाटतो, आणि त्या संसारातूनच वरची क्लोरामाइन्स निपजतात. आणखी एक दंतकथा गावोगावच्या तलावांवर लाइफगार्ड पोरांना सांगत असतात, की पाण्यात एक औषध टाकलंय आणि कोणी केलं की त्याच्याभोवती निळं वर्तुळ उमटतं. असं रसायन अस्तित्वात नाही. तरीही खोलीतल्या सगळ्या पोत्यांपेक्षा या नसलेल्या रसायनाने पाणी जास्त स्वच्छ ठेवलं असण्याची शक्यता आहे.

खेड्यात हे सगळं जास्त सुटसुटीत असतं. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेला पोरगा पीएच विचारत नाही. पण पावडर तिथेही पोचली आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ म्हटलं की लहान पोरही ब्लीचिंग पावडरीच्या पोत्याकडे बोट दाखवेल. पिण्याच्या पाण्यात ती घालण्यासाठी जलसुरक्षक असतो. त्याने सकाळी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची असते. ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं, नसेल तर रंगहीनच राहतं. एखाद्या दिवशी पिवळा रंग जरा गडद झाला की चहाला वास येतो आणि सरपंचांच्या दारात लोक जमतात. वास नसला तर कोणी जमत नाही. मग महिन्याभराने सगळे दवाखान्यात जमतात.

पावडरीचा मोठा शत्रू ऊन. भर उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरीन दोन तासांत जवळपास सगळा उडून जातो. म्हणून शहरातल्या तलावांत टीसीसीएच्या गोळ्या आल्या. त्यांत क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल असतं आणि ते क्लोरीनला उन्हापासून जपतं. पण क्लोरीन काम करून जातो आणि हे आम्ल मात्र पाण्यातच मुक्काम ठोकतं. गोळ्या टाकत गेलं की त्याचा साठा वाढतो, आणि एका हद्दीपलीकडे ते क्लोरीनला इतकं जपतं की त्याला कामच करू देत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे थोडं पाणी काढून नवं भरायचं. मे महिन्यात, पाणीकपात चालू असताना, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा उपाय मांडायला पूलवाल्याच्या अंगी वाघाचं काळीज लागतं. ते असलं तर टँकर येतो. टँकरचं पाणी बोअरचं. त्यात लोह असलं तर क्लोरीन पडताच ते गंजतं, आणि नव्या पाण्याने भरलेला तलाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांबूस होतो. मग ‘आधीचंच बरं होतं’ असा ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

इतपत ठीक. पण पंपहाउसशेजारच्या त्या खोलीत हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट आहे. अ‍ॅसिडचा कॅन आणि ब्लीचिंगचं पोतं शेजारी ठेवायचं नसतं, एकाचं माप दुसऱ्यात बुडवायचं नसतं. दोघं एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता, तोच हा वायू. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर यांचीही गाठ घालायची नसते, ती पेट घेते. पाण्यात पावडर घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. पंप बंद असताना मात्रा सोडायची नाही, नाहीतर नळीत साठलेला सगळा ऐवज पंप सुरू होताच पोहणाऱ्यांच्या तोंडासमोर निघतो. पूलवाल्याला या गोष्टी कोणी शिकवलेल्या असतात किंवा नसतात. त्याला मास्क आणि हातमोजे घेऊन द्यायचा विषय मात्र तीन सभा पुढे ढकललेला असतो, कारण त्याच बजेटमध्ये काठावरच्या छत्र्या बसवायच्या असतात.

कोणता जंतू किती वेळात मरतो याचा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक तक्ता केला आहे. पाणी नीट राखलेलं आणि क्लोरीन एक पीपीएम असेल तर ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए सोळा मिनिटं तग धरतो, जिआर्डिया पाऊण तास. मगरीचा उल्लेख या तक्त्यात नाही, आणि ही उणीव ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरला लक्षात आली. शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या महात्मा गांधी जलतरण तलावात भल्या पहाटे, सभासदांना आत सोडण्याआधी, कर्मचाऱ्यांना सुमारे दोन फुटांचं मगरीचं पिल्लू पोहताना दिसलं. त्याने आधी शॉवर घेतला होता का आणि टोपी घातली होती का, हे नियम बघता महत्त्वाचं ठरतं, पण बातम्यांत त्याबद्दल काही आलं नाही. वनखात्याच्या ताब्यात देईपर्यंत ते शुद्ध क्लोरीनयुक्त पाण्यात मजेत होतं.

मगर निदान दिसते. त्याच तक्त्यात सगळ्यात खाली क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, जुलाबांचा मोठा कारभारी. त्याच्याभोवती असं कवच असतं की एक पीपीएम क्लोरीनमध्ये त्याला मरायला १५,३०० मिनिटं लागतात, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त. दुपारी एका पोटबिघडल्या चिरंजीवांनी डुबकी मारली तर पुढच्या रविवारची गर्दीही त्यात न्हाऊन निघते. म्हणून अमेरिकेतले आरोग्य अधिकारी सांगतात, की याची लागण झाली असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलावात उतरू नका.

हा नियम पाटीवर लिहायचा असं एका सोसायटीच्या कमिटीने ठरवलं, तेव्हा शब्दांवरून सभा रंगली. ‘जुलाब’ हा शब्द प्रवेशद्वाराशी बरा दिसत नाही, फ्लॅट बघायला येणारे काय म्हणतील, असं एकाचं मत पडलं. ‘अतिसार’ पोरांना कळणार नाही, असं दुसऱ्याचं. ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिलं तर सर्दीवालेही घरी बसतील आणि फी परत मागतील. खजिनदारांनी मध्यममार्ग काढला. पाटीवर ‘पोहण्यापूर्वी शॉवर अनिवार्य’ एवढंच लिहावं आणि बाकीचं लोकांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडावं. तेव्हा कोपऱ्यात उभ्या असलेल्या पूलवाल्याने सांगितलं, की साहेब, शॉवरचा नळ गणपतीपासून बंद आहे.